गोव्यात मुलाचा वाढदिवस: पहिल्यांदाच पार्टी ठरवणाऱ्या आईबाबांसाठी

वाढदिवसाची पार्टी ठरवायला बसलं की बहुतेक घरांत सगळ्यात आधी 'हॉल कुठला घ्यायचा' हा विषय निघतो. माझ्या मते तो चौथा किंवा पाचवा प्रश्न आहे. पहिला प्रश्न मुलाच्या वयाचा. दुसरा, त्याला कशात मजा वाटते. तिसरा, ते दुपारी कधी झोपतं आणि त्याला भूक किती वाजता लागते. एवढं कागदावर लिहिलं की पाहुणे किती, वेळ कोणती, खाणं काय आणि जागा कुठली हे ठरवायला फार वेळ लागत नाही.

मी बालवाडीत शिकवते. पार्टीच्या दुसऱ्या दिवशी मुलं वर्गात येऊन काय सांगतात ते ऐकायला मला फार आवडतं. फुग्यांच्या कमानीबद्दल कुणी बोलत नाही. 'आम्ही माडामागे लपलो आणि कुणालाच सापडलो नाही' हे मात्र आठवडाभर चालतं. म्हणून पुढचं सगळं मी मुलांच्या बाजूनं लिहिते आहे. गोव्यात नोकरीनिमित्त नव्यानं आलेल्या कुटुंबांना इथल्या काही गोष्टी माहीत नसतात, त्याही सांगते.

आधी वय, मग पाहुण्यांची यादी

पहिला वाढदिवस घरच्या मोठ्यांचा असतो, हे मोकळेपणानं मान्य करावं. आजी-आजोबा, काका-काकू, मामा-मामी, शेजारी यांना बाळाचं कौतुक करायचं असतं आणि ते करायलाच हवं. पण बाळ तासाभरात कंटाळतं. त्याची झोप झाल्यावर तासभराचा कार्यक्रम ठेवा. मोठ्यांना पुढे गप्पा मारत बसायचं असेल तर बसू दे, बाळाला मात्र आतल्या खोलीत नेऊन शांत करता आलं पाहिजे.

दोन-तीन वर्षांची मुलं एकमेकांबरोबर खेळण्यापेक्षा एकमेकांशेजारी बसून आपापलं खेळतात. चार-पाच मुलं आणि त्यांचे आईबाबा एवढे पाहुणे पुरेत. दीड तासाच्या वर ताणू नका.

चार ते सहा वर्षांसाठी एक जुना ठोकताळा मला अजूनही योग्य वाटतो: जितकं वय, त्याहून एक जास्त मूल. पाच वर्षांच्या मुलाला सहा पाहुणे. दोन तास. सात-आठ वर्षांपासून आकडा दहा-बारापर्यंत नेता येतो आणि वेळ अडीच-तीन तासांपर्यंत. दहाच्या पुढे मुलांना स्वतःच ठरवू द्या. फुटबॉलचा सामना, दोन जवळचे मित्र रात्री घरी राहायला, एखादा सिनेमा, यातलं काहीही चालतं. त्या वयात आईनं ठरवलेली 'थीम' बहुतेकांना नको असते.

वर्गातल्या मुलांना बोलावताना एक पथ्य पाळा. एक तर सगळ्या वर्गाला बोलवा, नाहीतर निम्म्याहून कमी मुलांना बोलवा. वीसपैकी अठरा मुलांना आमंत्रण आणि दोघांना नाही, असं कधीही होऊ देऊ नका. ती दोन मुलं दुसऱ्या दिवशी वर्गात कशी बसतात ते मी पाहिलेलं आहे. मोजक्याच मुलांना बोलावणार असाल तर पत्रिका शाळेत वाटू नका, पालकांना थेट निरोप द्या.

दिवस आणि वेळ: इथे गोवा आठवा

गोव्यात एकाच वर्गात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान मुलं एकत्र शिकतात आणि एकमेकांच्या घरी जातात. दिवस ठरवताना सगळ्यांचं कॅलेंडर डोळ्यांसमोर ठेवा. चतुर्थीच्या दिवसांत हिंदू कुटुंबं मूळ घरी जातात, शहरातले फ्लॅट बंद असतात. दिवाळीच्या आदल्या रात्री मुलांचं सगळं लक्ष नरकासुराच्या पुतळ्याकडे असतं. नाताळच्या आठवड्यात ख्रिस्ती घरांत वेळ नसतो, आणि त्याच सुमारास पर्यटनाचा हंगाम भरात असल्यानं हॉल, हॉटेलं आणि केटरर महाग होतात. फर्स्ट कम्युनियनच्या, म्हणजे ख्रिस्ती मुलांच्या पहिल्या प्रसादग्रहणाच्या, हंगामात रविवार भरलेले असतात. वाढदिवस अशा दिवसांत येत असेल तर त्या दिवशी घरी औक्षण करा आणि पार्टी पुढच्या शनिवारी-रविवारी ठेवा. मुलाला दोन दिवस वाढदिवस मिळतो, त्याची काहीही तक्रार नसते.

वार निवडताना खाण्याचाही विचार करा. सोमवारी आणि गुरुवारी अनेक हिंदू घरांत शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण असतं, श्रावणात महिनाभर. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात शुक्रवारी अनेक ख्रिस्ती कुटुंबं मांस खात नाहीत. अशा दिवशी पार्टी असेल तर सगळंच शाकाहारी करून टाकणं सोपं.

आता घड्याळ. गोव्यातल्या बहुतेक शाळा दुपारी सुटतात. मुलं जेवतात, लहान मुलं झोपतात. साडेचारला सुरुवात आणि साडेसहाला शेवट, ही वेळ मला सगळ्यात चांगली वाटते. खेड्यांतून संध्याकाळनंतर बस मिळणं अवघड होतं, आणि गाडी नसलेली आई मुलाला घेऊन अंधाऱ्या रस्त्यानं चालत जाते. दिवाडी किंवा चोडणहून येणाऱ्यांना फेरीबोटीची वाट पाहावी लागते. डिसेंबरात सहा वाजून गेले की अंधारायला लागतं. पार्टी आठ वाजता सुरू करण्याची पद्धत मोठ्यांच्या सोयीची आहे. लहान मूल त्या वेळी जेवून झोपायला निघालेलं असतं, आणि केक कापताना ते रडलं की सगळे त्यालाच समजावत बसतात.

आणखी एक खास गोव्याची गोष्ट: दुपारी एक ते चार बाजारातली बरीच दुकानं बंद असतात. केक, फुलं, बर्फ, मेणबत्त्या यांतलं काहीही 'निघता निघता तीन वाजता घेऊ' म्हणून ठेवू नका. एकच्या आत सगळं घरात आलं पाहिजे.

जागा

घरी जागा असेल तर घरच निवडा. आपल्या घरात मूल निर्धास्त असतं, आणि मित्रांना आपली खोली, आपली मांजर, आपली सायकल दाखवायची त्याला हौस असते. बाल्कांव, म्हणजे दारापुढचा बसायचा ओटा असलेलं जुनं घर भाड्यानं मिळालं असेल तर फारच छान. मुलं तिथे बसून खातील आणि अंगणात खेळतील.

पण अंगणात मुलं सोडण्याआधी एक फेरी मारा. विहीर असेल तर तिच्यावर पक्कं झाकण किंवा जाळी हवीच. कठड्यावर विसंबू नका, मुलं त्यावर चढतात. अंगणात माड असतील तर आठवडाभर आधी पाडेल्याला बोलावून नारळ आणि सुकलेल्या झावळ्या उतरवून घ्या. पावसाळ्यात आणि त्यानंतर गवत कापून घ्या, सापाची भीती असते. शेजारचा कुत्रा कितीही प्रेमळ असला तरी त्या दोन तासांपुरता बांधून ठेवायला सांगा. संध्याकाळी डास येतात, म्हणून मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालून पाठवा असं पालकांना कळवलेलं बरं.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीचा हॉल किंवा गच्चीखालची मोकळी जागा विचारा. गावांत देवळाच्या आवारातली सभागृहं स्वस्त आणि प्रशस्त असतात, मात्र तिथे मांसाहार चालत नाही. केकही बिनअंड्याचा लागेल, तो ऑर्डर करण्याआधी कमिटीला विचारून घ्या. लग्नाच्या हंगामात हॉल फार आधी भरतात, तेव्हा दीड-दोन महिने आधी चौकशी करा.

पणजीच्या आसपास राहणाऱ्यांना कांपालचा परिसर चांगला आहे. तिथली बाग आणि शेजारचा नदीकाठ, लहान मुलांच्या छोट्या सहलीला एवढं पुरतं. सात वर्षांच्या पुढच्या मुलांना मिरामारचं गोवा विज्ञान केंद्र फार आवडतं. तिथे तास-दीड तास घालवून मग घरी येऊन केक कापायचा, असा बेत मला स्वतःला हॉलपेक्षा जास्त पसंत आहे. बोंडल्याला प्राणी बघायला नेणार असाल तर गुरुवार टाळा, त्या दिवशी ते बंद असतं.

समुद्रकिनारा म्हटलं की नव्यानं आलेल्या कुटुंबांचे डोळे चमकतात. जरूर जा, पण वाळूत खेळायला. वाढदिवसाच्या गर्दीत दहा मुलांना पाण्यात सोडू नये, कारण तिथे प्रत्येक मुलाला एक मोठं माणूस लागतं. मिरामारचं पाणी वरून शांत दिसलं तरी पोहायला सुरक्षित नाही. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो आणि पोहायला मनाई असते. बाकीच्या दिवसांतही जीवरक्षकांचा लाल झेंडा दिसला की पाण्यापासून लांब. किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करायला आणि दारू प्यायला बंदी आहे, तेव्हा खाणं घरून डब्यांतून न्या. जाण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघा. भरतीत काही किनाऱ्यांवर बसायला वाळूच उरत नाही. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात. तिथे अंधार पडल्यावर दिवे आणि संगीत लावून पार्टी करू नका.

पावसाळ्यातल्या वाढदिवसासाठी घरातच दुसरा बेत तयार हवा. वीज जाते, हे गृहीत धरून चार्ज केलेला दिवा आणि बॅटरीवरचा स्पीकर आदल्या रात्री तयार ठेवा.

आमंत्रण

व्हॉट्सअ‍ॅपवरचा साधा निरोप चालतो. सुरू होण्याची वेळ लिहा आणि संपण्याचीही लिहा. दुसरी वेळ लिहायला बहुतेक जण संकोचतात, पण पालकांना तीच हवी असते. आईबाबांनी थांबायचं की मुलाला सोडून जायचं, धाकट्या भावंडाला आणलं तर चालेल का, हेही स्पष्ट लिहा. पाच वर्षांखालच्या मुलाबरोबर एक मोठं माणूस थांबलंच पाहिजे असं मला वाटतं.

पत्ता लिहिताना नकाशाचं लोकेशन पाठवाच, शिवाय वाड्याचं नाव आणि जवळची खूण लिहा: कुठल्या कपेलापासून (छोट्या चर्चपासून) डावीकडे, कुठल्या मैदानासमोर, गाडी कुठे लावायची. गावातल्या अरुंद वाटेवर समोरासमोर दोन गाड्या आल्या की अर्धी पार्टी तिथेच होते.

एक ओळ नक्की घाला: 'मुलाला कुठल्या पदार्थाची अ‍ॅलर्जी असेल तर कळवा.' अंडं, दूध, शेंगदाणे, कोळंबी आणि काजू यांची विशेष चौकशी करा. गोव्यात काजू कशातही असतो, ग्रेव्हीत, केकवर, बर्फीत. ज्या मुलाला त्याची अ‍ॅलर्जी आहे त्याला तो एक तुकडाही धोकादायक ठरू शकतो.

सजावट: कमी आणि हातानं केलेली

एकल वापराच्या प्लॅस्टिकवर देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. त्या यादीत वाढदिवसाचं निम्मं सामान येतं: फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या, सजावटीचं थर्मोकोल, प्लॅस्टिकच्या प्लेटा, पेले, चमचे, काटे, स्ट्रॉ, शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर. दुकानांत यातलं अजून मिळतं. घेऊ नका. पत्रावळी, स्टीलचे पेले आणि घरचे चमचे यांत दहा-बारा मुलांचं सहज भागतं.

फुगे हवेच असतील तर मोजके, आणि तोंडानं किंवा पंपानं हवा भरलेले. रस्त्यावरच्या गॅसच्या फुग्यांत अनेकदा हायड्रोजन असतो. मेणबत्तीजवळ असा फुगा आला तर भडका उडतो आणि समोर चेहरा मुलाचाच असतो. केक कापताना उडवतात त्या फेसाच्या फवाऱ्याचंही तेच. त्यात ज्वालाग्राही वायू असतो, पेटत्या मेणबत्तीवर फवारला की आग लागते. हा फवारा घरात आणूच नका. कुणी पाहुण्यानं आणला तर हसून बाजूला ठेवून द्या. न फुगवलेला किंवा फुटलेला फुगा आठ वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतो, म्हणून फुटलेले तुकडे तिथल्या तिथे उचला.

मग शोभा कशानं आणायची? गोव्यात तर हातात कला घेऊनच माणसं वावरतात. दिवाळीत घरोघरी कागदी आकाशकंदील करतात, नाताळात चांदण्या. त्याच कामट्या आणि तोच पातळ कागद आणून पार्टीच्या आदल्या रविवारी मुलाला बरोबर घेऊन पाच-सहा छोटे कंदील करा. आंब्याचे टाळे आणि झेंडूच्या माळा दाराला लावा. म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात फुलं, टोपल्या, मातीची भांडी सगळं एकाच फेरीत मिळतं. 'थीम' हवीच असेल तर ऋतूतली घ्या. फेब्रुवारीत कार्निव्हालचे मुखवटे, मार्चमध्ये शिगम्याचे ढोल आणि रंगीत फेटे, ऑक्टोबरात नरकासुर. जूनच्या शेवटी सांजाव हा सेंट जॉनचा सण येतो, तेव्हा फुलापानांचे कोपेल डोक्यावर घालून घरभर मिरवायला मुलांना फार आवडतं. असा वाढदिवस पुण्या-मुंबईच्या मावसभावाला फोनवर सांगताना मुलाला केवढा अभिमान वाटतो!

खाणं आणि केक

मुलं पार्टीत कमी खातात. त्यांचं लक्ष खेळात असतं. तीन तिखटमीठ पदार्थ, एक फळ, केक आणि सरबत एवढं पुरे. प्रत्येक पदार्थ एका हातात धरून दोन घासांत संपेल असा असावा.

पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर संध्याकाळी ताजे पाव दारात येतात. त्यांत हिरवी चटणी आणि काकडी, किंवा बटाट्याची सुकी भाजी भरून अर्धे कापा. छोटे व्हेज किंवा चिकन कटलेट, बेकरीतली पॅटीस, घरचे बटाटेवडे यांतले दोन निवडा. दोन्ही प्रकारचं खाणं असेल तर शिवराक टेबल वेगळं ठेवा आणि वाढायचे चमचेही वेगळे. सोबत कोकम सरबत किंवा शहाळ्याचं पाणी. बाटलीतली थंड पेयं मी ठेवत नाही, मुलांना त्यांची आठवणही होत नाही. पाणी मात्र सारखं द्या. गोव्याच्या दमट हवेत खेळणारं मूल घामानं निथळत असतं आणि तहान लागल्याचं सांगत नाही.

पाच वर्षांखालची मुलं असतील तर अख्खे शेंगदाणे, काजू, पॉपकॉर्न आणि कडक गोळ्या टेबलावर नकोत. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे करा, गोल द्राक्ष श्वासनलिकेत घट्ट बसतं. खाताना मुलं बसलेली असावीत, पळत पळत खाऊ देऊ नका.

केक एक किलोचा घेतला तर दहा-बारा तुकडे होतात. मोठ्यांना छोटा तुकडा पुरतो, त्यामुळे तीन मजली केकाची गरज पडत नाही. फ्रेश क्रीमचा केक फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि एप्रिल-मेमध्ये किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात त्याहूनही कमी. साखरेच्या जाड आवरणाचे, बाहुल्या बसवलेले केक इथल्या दमट हवेत घामेजतात आणि चिकट होतात. साधा चॉकलेटचा केक टिकाऊ. गोव्यातला रवा-खोबऱ्याचा बातिका तर मला सगळ्यात आवडतो. तो आदल्या दिवशी करता येतो, क्रीम नको, फ्रिज नको, आणि मुलं बोटं चाटून खातात. घरगुती बेकरकडून केक घेणार असाल तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आहे का ते विचारा, ही नोंदणी घरून विकणाऱ्यांनाही लागते.

सगळ्यांच्या तुकड्यांवर फुंकर बसू नये म्हणून मेणबत्ती एका छोट्या कपकेकवर लावा आणि मोठा केक बाजूला ठेवा.

औक्षण केक कापण्याआधी करावं. ताम्हणात निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी, कुंकू, अक्षता. मुलाला पाटावर बसवून आजीनं, आईनं, आत्यानं ओवाळायचं. वर्गातली इतर मुलं हे फार कुतूहलानं बघतात, त्यांना गोलात बसवून बघू द्या आणि काय चाललंय ते दोन वाक्यांत सांगा. ज्या मुलाला सगळ्यांनी आपल्याकडे बघितलेलं आवडत नाही, त्याचं औक्षण सकाळी घरच्या घरी करा. सकाळी नैवेद्याला मणगणं (चणाडाळीची खीर) केलं की घरातला वाढदिवस तिथेच साजरा होतो, संध्याकाळ मित्रांसाठी मोकळी राहते.

खेळ: पार्टी इथे उभी राहते

खेळांची यादी आधी लिहून काढा आणि तिच्यात दोन खेळ जास्तीचे ठेवा. लहान मुलांचा एक खेळ दहा मिनिटांत संपतो. पळापळीचा एक, बसून खेळायचा एक, असं आलटून पालटून घ्या. सलग तीन पळापळीचे खेळ झाले की भांडणं आणि पडापडी सुरू होते.

मुलं यायला लागतात तेव्हा सगळी एकदम येत नाहीत. पहिली वीस मिनिटं टेबलावर कागद, रंग आणि गोंद ठेवा. मुखवटा किंवा कागदी टोपी रंगवायची. लाजाळू मूल हातात काम मिळालं की मोकळं होतं, आणि उशिरा येणाऱ्याचं काही चुकत नाही.

संगीत खुर्ची सगळ्यांना माहीत आहे, पण चार-पाच वर्षांच्या मुलांबरोबर ती थोडी बदलून खेळा. खुर्ची काढायची, मूल बाद करायचं नाही. उरलेल्या खुर्च्यांवर सगळ्यांनी मिळून कसंबसं बसायचं. शेवटी एका खुर्चीवर सात मुलं एकमेकांना धरून बसायचा प्रयत्न करतात तेव्हा जे हसणं होतं ते कुठल्याही बक्षिसानं होत नाही. खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे कलंडणार नाहीत.

पुडी फिरवण्याच्या खेळातही (पासिंग द पार्सल) हीच युक्ती, बाद कुणीच नाही. जितकी मुलं तितकी वेष्टनं वर्तमानपत्राची, प्रत्येक वेष्टनात एक चिठ्ठी: बेडकासारखी उडी मार, पोदेरासारखा भोंपू वाजव, आजीसारखी चाल. गाणं थांबवणाऱ्यानं मुलांकडे तोंड करून बसावं आणि प्रत्येकाची पाळी येईल असं बघावं.

सहा वर्षांच्या पुढे खजिना शोधायचा खेळ घ्या. सहा-सात चिठ्ठ्या पुरतात. वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रं काढा: तुळशीवृंदावन, बाल्कांवाची पायरी, चपलांचा ढीग, दुचाकीची बास्केट. विहिरीकडे, रस्त्याकडे किंवा झाडावर नेणारी चिठ्ठी कधीही नको. शेवटी खजिना एकच असावा आणि तो सगळ्यांनी वाटून घ्यायचा. मी कायम एका टोपलीत घरी न्यायच्या भेटीच ठेवते, म्हणजे निघताना वेगळी वाटणी करावी लागत नाही.

आठ-नऊ वर्षांच्या मुलांना लगोरी, विषामृत, डोंगर-पाणी, लंगडी शिकवा. लगोरी म्हणजेच इथल्या लोगोऱ्यो. गोव्यातल्या आजोबांना विचारलंत तर ते गड्डे (गोट्या) आणि कोयंडो-बाल (विटी-दांडू) शिकवायला उत्साहानं पुढे येतील. कोयंडो लागण्याची भीती असते, म्हणून बघणाऱ्या मुलांना चांगलं लांब उभं करा. एखाद्या आजोबांना पार्टीचा पंच नेमून बघा. मुलं त्यांचं ऐकतात, आणि त्या आजोबांचीही संध्याकाळ फार छान जाते.

बक्षिसं जिंकणाऱ्याला देऊ नका, सगळ्यांना एकसारखी वस्तू निघताना द्या. ज्याचा वाढदिवस आहे ते मूल हरलं की रडतं, आणि ते मुद्दाम जिंकवलेलं इतर मुलांना लगेच कळतं.

भाड्यानं आणलेला माइकवाला निवेदक पाच वर्षांखाली नकोच. मोठ्या आवाजाला लहान मुलं घाबरतात. काही मुलांना टाळ्यांचा, फुगे फुटण्याचा त्रास होतो. अशा मुलासाठी आतली एक खोली, दोन पुस्तकं आणि एक उशी एवढी शांत जागा ठेवा आणि त्याच्या आईला ती आल्या आल्याच दाखवा. मोठ्या मुलांच्या पार्टीत संगीत लावलंत तर उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री दहा वाजता बंद करावे लागतात, पण शेजारी आजारी किंवा तान्हं बाळ असेल तर त्याच्या कितीतरी आधी.

दोन तास कसे वाटायचे

साडेचार ते पाच: येणं, रंगवणं. पाच ते साडेपाच: तीन खेळ. साडेपाचला हात धुऊन सगळी खाली सतरंजीवर, आधी तिखटमीठ खाणं. पावणेसहाला औक्षण आणि केक. केक अगदी शेवटी ठेवला तर लहान मुलं दर पाच मिनिटांनी 'केक कधी?' विचारत राहतात, आणि केक खाऊन लगेच गाडीत बसलं की घाटवळणाच्या रस्त्यावर उलटी होते. सहा ते सव्वासहा खजिना शोधणं. उरलेली पंधरा मिनिटं मोकळी सोडा. मुलं स्वतःच काहीतरी सुरू करतात.

कामं माणसांच्या नावावर लिहा. एक जण फाटकापाशी, म्हणजे कुणी मूल एकटं बाहेर जाणार नाही. एक स्वयंपाकघरात. एक खेळ घेणारा. एक फोटो काढणारा, आणि तो मुलाची आई किंवा बाबा नसावा, त्या दोघांनी मुलाबरोबर असावं. लहान मुलं असतील तर दर चार-पाच मुलांमागे एक मोठं माणूस. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो इंटरनेटवर टाकण्याआधी त्यांच्या आईबाबांना विचारा. प्रथमोपचाराची पेटी हाताशी ठेवा आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला असू द्या.

खर्चाचा आकडा पहिल्या दिवशीच ठरवा आणि हात आखडायचा असेल तर सजावटीत आखडा. कामाला मदतनीस ठेवण्यात मात्र कसर नको. भांडी, वाढप, झाडलोट यांत आई अडकली की मुलाच्या वाट्याला ती येतच नाही.

निघताना आणि दुसऱ्या दिवशी

घरी न्यायची भेट एकच आणि टिकाऊ असावी. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणी गोव्यातून सहज आणता येतात: भोवरा, लहान फळं, भातुकली. नाहीतर एक गोष्टीचं पुस्तक, किंवा मातीच्या छोट्या कुंडीत लावलेलं रोप. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलेल्या पाच स्वस्त वस्तू घरी पोचेपर्यंत मोडतात.

पाहुण्यांनी आणलेल्या भेटी पार्टीत उघडू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाबरोबर बसून उघडा आणि कुणी काय दिलं ते लिहून ठेवा. त्या वेळी प्रत्येक खेळण्याचं बॅटरीचं झाकण स्क्रूनं बंद आहे का ते बघा. बटणाएवढी चपटी बॅटरी मुलानं गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजतं. तशी नुसती शंका आली तरी उलटी न करवता थेट रुग्णालय गाठायचं. ज्या खेळण्याचं झाकण सैल आहे ते कपाटात वर ठेवून द्या.

मग मुलाला फोन हातात देऊन एकेका मित्राला 'थँक्यू' म्हणू दे. लिहिता येत असेल तर चिठ्ठी, नसेल तर चित्र. उरलेलं खाणं त्याच रात्री वाटून टाका, क्रीमचा केक सकाळपर्यंत बाहेर राहिला असेल तर फेकून द्या. ओला कचरा आणि सुका कचरा पार्टी चालू असतानाच दोन वेगळ्या डब्यांत टाकायला लावा, म्हणजे सकाळी पंचायतीची किंवा पालिकेची गाडी आली की निवडत बसावं लागणार नाही. पत्रावळी ओल्यात, पुठ्ठे आणि वेष्टनाचे कागद सुक्यात. कंदील मात्र काढू नका, दिवाळीपर्यंत मुलाच्या खोलीत लटकू द्या.